भटारखान्यातली गारलँड

माझ्या केटरिंगच्या भटारखान्यात एक जुनी गारलँड आहे. सहा बर्नर, शेजारी दोन फूट रुंदीचा जाड पोलादी तवा, खाली दोन ओव्हन, अशी पाच फुटांची गॅस रेंज. तिला पडदा नाही, घड्याळ नाही, विजेची वायरही नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीच्या जेवणापासून दिवाळीच्या फराळापर्यंत सगळं तिच्यावर होतं. जेवायला आलेली माणसं कधीतरी आत डोकावतात, ज्योत बघून थबकतात आणि विचारतात, "अशी एखादी घरी बसवता येईल का हो?" हाच प्रश्न एके काळी मलाही पडला होता. त्याचं उत्तर शोधताना या शेगडीबद्दल आणि एकूणच आगीबद्दल जे शिकले, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

ती मला पहिल्यांदा भेटली डेट्रॉइटच्या उपनगरातल्या एका डायनरमध्ये. या भागात अशा हॉटेलांना 'कोनी आयलंड' म्हणतात. बहुतेक ग्रीक कुटुंबांनी चालवलेली, पहाटे उघडणारी, ऑम्लेट, तव्यावर परतलेला बटाट्याचा कीस आणि चिली घातलेले हॉटडॉग देणारी. नवऱ्याच्या मोटार कंपनीतल्या नोकरीमुळे आम्ही मिशिगनला आलो होतो. मला कामाची परवानगी मिळाली तशी मी घराजवळच्या या डायनरमध्ये सकाळच्या पाळीला मदतनीस म्हणून लागले.

माझं माहेर सांगलीचं. काकांची खानावळ होती, त्यामुळे भटारखान्याची धग, वस्तादांचा चढा आवाज, मोठ्या पातेल्यांचा खणखणाट यातलं काहीच नवं नव्हतं. नवी होती ती आग. आमच्याकडे आधी लाकडाची चूल, मग रॉकेलचे भरारणारे बर्नर आणि शेवटी गॅसची भट्टी आली. भट्टी एकदा पेटली की तिच्या मर्जीने जळायची आणि भांडं मागेपुढे सरकवून आपणच तिच्याशी जुळवून घ्यायचं. इथे मात्र नॉब फिरवला की ज्योत हजर. जेवढा फिरवाल तेवढीच, आणि बंद केला की त्याच क्षणी गप्प.

पेटवायला काडी नाही, लायटर नाही. पुढच्या-मागच्या दोन बर्नरच्या मधोमध करंगळीच्या पेराएवढी निळी ज्योत रात्रंदिवस तेवत असते. तिला पायलट म्हणतात. नॉब उघडला की बर्नरमधला थोडा गॅस एका आखूड नळीवाटे पायलटपर्यंत जातो, तिथे पेटतो आणि आग त्याच नळीतून उलट पावली येऊन बर्नर पेटवते. ओव्हनलाही असाच स्वतंत्र पायलट असतो, म्हणून बंद ओव्हनसुद्धा आतून कोमट राहतो. मिशिगनच्या जानेवारीत घरी दही लागायचं नाही, इडलीचं पीठ दोन दिवस ढिम्म बसून राहायचं. मी मालकांना विचारून संध्याकाळी विरजणाचा डबा बंद ओव्हनमध्ये ठेवायला लागले. सकाळी कवडीदार दही मिळायचं. पुढे कळलं, की जुन्या गॅस ओव्हनच्या घरांत राहिलेल्या इथल्या कितीतरी भारतीय बायकांनी ही युक्ती आपापली शोधून काढली होती.

आमची मुख्य कूक साठी उलटलेली होती. सगळं आयुष्य तिने डायनरच्या रेंजपुढे काढलं होतं. तिने मला पदार्थांच्या आधी ज्योत वाचायला शिकवली. चांगली ज्योत निळी, ठाम, प्रत्येक भोकावर फिकट निळा शंकू धरलेली. टोकं पिवळी दिसली तर हवा कमी पडतेय. अशी ज्योत भांड्याला काजळी धरते आणि तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. ज्योत बर्नर सोडून उचलली जात असेल, फरफरत असेल, तर हवा जास्त होतेय. बर्नरच्या नळीच्या तोंडाशी पत्र्याची एक चकती असते. ती किंचित फिरवून हवेचं तोंड लहानमोठं करायचं. "बघत तर राहाच, पण ऐकही," ती म्हणायची. "नीट जळणारी आग एका सुरात बोलते." ऑर्डरींच्या गर्दीत पाठीमागचा बर्नर विझला तर तो सूर तुटलेला तिला पाठ फिरवूनही कळायचा.

तव्याचाही अभ्यास होता. त्याचा पत्रा जवळजवळ पाऊण इंच जाडीचा. तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की थंडगार बटाट्याचा ढीग पडला तरी खचत नाही. त्याच्या एका कडेला अंडी, मधे बटाटा, दुसऱ्या कडेला नुसतं गरम राहायचं ते. कुठे किती ताव आहे हे हाताचा पंजा वर धरून समजून घ्यायचं. एका सुट्टीच्या आदल्या दिवशी, डायनर बंद झाल्यावर, मालकांच्या परवानगीने मी त्यावर पहिल्यांदा पुरणपोळ्या केल्या. घरच्या विजेच्या शेगडीवर पोळी कडेला कच्ची आणि मध्ये करपायची. इथे एका वेळी चार पोळ्या अंगभर सारख्या भाजल्या जात होत्या, तूप सोडलं की कड फुलत होती. मालक, त्यांची बायको आणि आमची कूक, सगळ्यांनी उभ्याउभ्याच खाल्ल्या. केटरिंगचा विचार माझ्या डोक्यात आला तो त्या रात्री.

रेंजची देखभाल करायला एक म्हातारा गॅस मेकॅनिक यायचा. तो कामाला लागला की मी जेवणाची सुट्टी त्याच्या शेजारी बसून घालवायची. त्याच्या मते ही रेंज १९६०च्या दशकातली. त्याच्याकडूनच समजलं, की मोटारी येण्याआधी डेट्रॉइट हे शेगड्यांचं शहर होतं. गारलँड हे इथल्याच मिशिगन स्टोव्ह कंपनीच्या शेगड्यांचं नाव. १८९३ मध्ये शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं तेव्हा या कंपनीने २५ फूट उंच, ३० फूट लांब आणि १५ टन वजनाची एक शेगडी मांडली होती. ती ओक लाकडात कोरून धातूसारखी रंगवलेली, केवळ दिमाखाची. प्रदर्शनानंतर ती डेट्रॉइटला आली. मिशिगनच्या राज्य-जत्रेच्या मैदानात मी ती मुद्दाम जाऊन पाहिली. तिच्या पायाशी उभं राहिलं की मान मोडेपर्यंत वर बघावं लागे. ऑगस्ट २०११ मध्ये वीज पडून ती जळून गेली. ती बातमी वाचून मला खरोखर हळहळ वाटली. या शहराच्या लोखंड ओतणाऱ्या हातांची ती आठवण होती, आणि त्यांच्याच परंपरेतल्या यंत्रावर मी रोज काम करत होते.

मेकॅनिक रेंज उघडायचा तेव्हा तिच्या पोटात लपलेलं काहीच नाही हे पाहून मला समाधान वाटायचं. ओतीव लोखंडाच्या जाळ्या हाताने उचलायच्या, बर्नर जागेवरून सरकवून काढायचे. समोर गॅसची आडवी नळी, तिच्यावर प्रत्येक नॉबचा व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हच्या टोकाला पितळी जेट. जेटच्या बारीक भोकातून गॅस जोराने सुटतो आणि जाताना आपल्यासोबत हवा ओढून घेतो, म्हणून पंख्याशिवाय मिश्रण तयार होतं. जेटमध्ये कचरा अडकला तर लाकडी काडीने काढायचा, तारेने भोक मोठं करायचं नाही, कारण त्या भोकाच्या मापावरच सगळा हिशेब. नैसर्गिक वायूला मोठं भोक आणि कमी दाब, सिलिंडरच्या गॅसला लहान भोक आणि जवळजवळ दुप्पट दाब. एकासाठीची रेंज दुसऱ्यावर तशीच जोडली तर धोका.

व्हॉल्व्ह घट्ट झाले की तो एकेक उघडून आतली निमुळती गुडदी पुसायचा, उष्णता सोसणारं ग्रीस लावायचा. पण एका वेळी एकच. दोन व्हॉल्व्ह एकदम खोलायचे नाहीत, कारण प्रत्येक गुडदी तिच्या स्वतःच्या घरात घासून बसवलेली असते. अदलाबदल झाली तर गॅस झिरपतो. जोडून झालं की साबणाच्या पाण्याचा फेस प्रत्येक सांध्यावर. फुगा धरला नाही तरच काम पुरं.

ओव्हनच्या पायलटपाशी त्याने मला थर्मोकपल दाखवलं. दोन वेगवेगळ्या धातूंचा सांधा ज्योतीत तापतो, त्यातून काही मिलिव्होल्ट वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर एक इवलासा लोहचुंबक ओव्हनची झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली की सांधा निवतो, चुंबक सुटतो आणि गॅस बंद. बाहेरच्या विजेचा संबंधच नाही. मग त्याने वरच्या बर्नरच्या पायलटकडे बोट केलं. "इथे यातलं काहीही नाही. हे विझलं तर गॅस येतच राहणार." मी विचारलं, मग चालतं कसं? तो म्हणाला, "पहाटेपासून रात्रीपर्यंत कोणी ना कोणी समोर उभं असतं ना? तीच हिची सुरक्षा."

त्या वाक्याचा पुरता अर्थ मला १४ ऑगस्ट २००३ या दिवशी कळला. गुरुवार होता. दुपारी चार वाजून गेल्यावर डायनरमधले दिवे गेले. फक्त आमचे नव्हेत. डेट्रॉइटपासून न्यू यॉर्कपर्यंत आणि पलीकडे कॅनडातल्या ओंटारिओपर्यंत कोट्यवधी लोकांची वीज गेली होती. फ्रिज थांबले, कॉफीचं यंत्र थांबलं. गारलँड मात्र जशीच्या तशी जळत होती. मला वाटलं, आता हिचा दिवस. रस्त्यावर अडकलेल्या माणसांना निदान गरम खायला तरी घालू. मालक आत आले, त्यांनी वर पाहिलं आणि सरळ मुख्य गॅसचा खटका बंद केला.

रेंजच्या डोक्यावरचं हूड थांबलं होतं. त्यातला पंखा विजेवर चालतो. सहा बर्नर आणि तवा यांतून निघणारी वाफ, तेलाचा धूर, जळलेल्या वायूचा सगळा लोट तो छपरावरून बाहेर फेकतो, आणि तेवढीच ताजी हवा दुसऱ्या वाटेने आत येते. तो थांबल्यावर त्या बंद खोलीत रेंज चालवणं म्हणजे माणसांना त्या हवेत कोंडणं. थोड्या वेळाने नळाचं पाणीही ओसरायला लागलं, कारण शहराचे पंप विजेवरचे. मालकांनी होतं ते थंड अन्न वाटलं आणि दार ओढून घेतलं. घरी जाताना माझ्या मनात पक्कं बसलं, की वाटते तशी ती शेगडी स्वयंपूर्ण नाही. ती अर्धं यंत्र आहे. दुसरं अर्धं म्हणजे तिच्याभोवतीची खोली.

तरीही घरी अशी रेंज असावी ही हौस गेली नाही. तिला खतपाणी घालणारी माणसं अमेरिकेत पुष्कळ. त्यातलं सगळ्यात मोठं नाव जूलिया चाइल्ड यांचं. फ्रेंच स्वयंपाक अमेरिकेच्या घराघरांत नेणाऱ्या या बाईंनी १९५६ मध्ये वॉशिंग्टनला सेकंडहँड गारलँड घेतली आणि पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या घरात तिच्यावर चाळीस वर्षं रांधलं. २००१ मध्ये त्यांनी अख्खं स्वयंपाकघर स्मिथसोनियन संस्थेला दिलं. वॉशिंग्टनच्या संग्रहालयात काचेपलीकडे ती काळी सहा बर्नरची रेंज पाहिली आणि मनाशी म्हटलं, त्यांच्या घरी चालली तर माझ्या का नाही?

मेकॅनिकला मी घरी बोलावलं. त्याने नकार दिला नाही. खिशातून टेप काढली, कागद काढला आणि माझ्यासमोर हिशेब मांडला.

पहिला हिशेब गॅसचा. रेंजच्या एका बर्नरची ताकद ताशी सुमारे २०,००० बीटीयू, म्हणजे जवळपास सहा किलोवॉट. आपल्या भारतातल्या घरगुती शेगडीचा बर्नर साधारण दोन किलोवॉटचा असतो. सहा बर्नर, तवा आणि दोन ओव्हन मिळून आकडा दोन लाखांच्या पुढे गेला. मिशिगनच्या हिवाळ्यात आमचं सगळं घर उबदार ठेवणारी फर्नेस एक लाखाच्या आतली. म्हणजे दोन घरं तापवायची आग मी एका ओट्याशेजारी मांडू बघत होते. आमच्या मीटरची क्षमता ताशी २५० घनफूट, आणि एका घनफुटात साधारण १,००० बीटीयू. रेंज आणि फर्नेस एकदम चालली तर मीटर आणि नळी दोन्ही अपुरी.

दुसरा हिशेब भिंतीचा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्या सांगलीच्या घरात ओट्यामागे विटांची भिंत, खाली कडप्पा. तिथे भिंत तापली तर तापली. इथलं घर लाकडी सांगाड्याचं, वर जिप्समचा पत्रा. मी म्हटलं, मागे टाइल्स लावू. त्याने मान हलवली. टाइल जळत नाही, पण उष्णता आरपार जाऊ देते, आणि तिच्यामागे लाकूड असतंच. घरगुती शेगडीच्या अंगात उष्णता अडवणारा भरपूर थर असतो, म्हणून ती कपाटांना खेटून बसवता येते. हॉटेलची रेंज लोखंडी पत्र्याच्या भिंतीपुढे उभी राहणार हे गृहीत धरून घडवलेली. तिच्या पाटीवर जळाऊ भिंतीपासून किती इंच दूर ठेवायची ते कोरलेलं असतं. वर्षानुवर्षं उष्णता लागत राहिली की लाकूड आतून कोळसत जातं आणि मग नेहमीपेक्षा बरंच कमी तापमानाला पेटू शकतं. बाहेरून काही दिसत नाही. पाहुण्यांना जेवू घालून आपण झोपलेले असताना भिंतीच्या आत ते घडतं.

तिसरा हिशेब हवेचा. एवढ्या आगीला जोरदार हूड हवं. पण घर हिवाळ्यासाठी घट्ट बंद केलेलं. हूडने हवा बाहेर ओढली की ती कुठूनतरी आत यायलाच हवी, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे पाण्याच्या हीटरचं धुराडं. तिथून जळलेला वायू बाहेर जायच्याऐवजी घरात उलटा येतो. म्हणूनच इथल्या निवासी बांधकाम-संहितेत मिनिटाला ४०० घनफुटांपेक्षा जास्त हवा ओढणारं हूड बसवलं, तर बाहेरची हवा आत आणण्याची सोयही करावी लागते. ती हवा जानेवारीत शून्याच्या खाली असते. तिलाही तापवावं लागतं.

चौथा मुद्दा नियमाचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या त्याच संहितेत स्पष्ट लिहिलं आहे, की व्यावसायिक वापरासाठी म्हणून तपासून शिक्का दिलेलं स्वयंपाकाचं उपकरण राहत्या घरात बसवायचं नाही. गावच्या बांधकाम खात्यात जाऊन मी स्वतः विचारलं. तिथल्या निरीक्षकाने पुस्तकातली ओळ दाखवली आणि कारणंही सांगितली: दारं हात भाजतील इतकी तापतात, पायलट उघडे असतात, नॉब लहान मुलाच्या हातालाही फिरतो. माझी मुलगी तेव्हा ओट्याएवढ्या उंचीची होती. मला आणखी काही विचारायचं राहिलं नाही.

जूलिया चाइल्ड यांचा काळ निराळा होता. पण त्यांच्यासारख्यांची हौस वाया गेली नाही. मिसिसिपीतल्या ग्रीनवूड गावात फ्रेड कार्ल या बांधकाम व्यावसायिकाने नेमकी हीच अडचण पाहिली: लोकांना हॉटेलची ताकद हवी, पण ती घरात सुरक्षित बसायला हवी. त्याने तशी रेंज घडवायला घेतली आणि १९८७ मध्ये पहिली व्हायकिंग रेंज बाजारात आली. बाहेरून हॉटेलसारखी, आतून घरासाठी: अंगभर उष्णतारोधक थर, कमी तापणारं दार, पायलटऐवजी ठिणगी. नंतर बऱ्याच कंपन्यांनी तो मार्ग धरला. आम्हीही घरी शेवटी घरगुती शिक्क्याची, साध्या नॉबांची चार बर्नरची शेगडी घेतली. भाकरी ज्योतीवर टम्म फुगते, आमटी मंद उकळते. मंद उकळणं हे मुद्दाम सांगते, कारण हॉटेलच्या जुन्या बर्नरला अगदी बारीक होणं जमत नाही. चार माणसांच्या वरणाला तिथे बर्नरवर जाड पत्रा ठेवावा लागतो किंवा पातेलं तव्याच्या कडेला सरकवावं लागतं.

काही वर्षांनी डायनरचे मालक थकले. मुलांना धंदा नको होता. सामान लिलावात निघायचं होतं, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "रेंज तू घेतेस का?" मी तोवर केटरिंगचा परवाना काढला होता आणि एका जुन्या बेकरीची जागा भाड्याने घेतली होती. तिथे सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत होती, छपरावर जाणारं हूड होतं, हूडमध्ये आग विझवणारी यंत्रणा होती आणि व्यावसायिक गॅसची जाड नळी होती. मी हो म्हणायच्या आधी मेकॅनिकला ती खोली दाखवली. त्याने भिंतीवर बोटांनी ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "ही हिची जागा."

रेंज हलवण्याआधी तिची पूर्ण दुरुस्ती झाली. जाळ्या आणि बर्नर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवले, भोकं ताठ ब्रशने मोकळी केली, नळ्यांत पाणी अडकू नये म्हणून ओव्हनमध्ये वाळवले. जाळ्यांना तेलाचा हात देऊन भाजलं, जसं आपण नवा लोखंडी तवा तयार करतो तसं. ओव्हनचा थर्मोस्टॅट २५ अंश फॅरनहाइट पुढे दाखवत होता, तो जुळवला. थर्मोकपल नवं टाकलं. ओव्हनच्या अस्तरातल्या जुन्या थराचा तुकडा ॲस्बेस्टॉस आहे का हे बघायला प्रयोगशाळेत पाठवला. इतक्या जुन्या शेगड्यांत ते असू शकतं, आणि ते खरवडून हवेत उडवणं फुप्फुसांसाठी घातक. आमच्या नमुन्यात ते निघालं नाही, मग तो थर बदलला. सगळ्या दुरुस्तीत एकही भाग असा नव्हता की जो मिळत नाही म्हणून अडलं. नव्या रेंजची किंमत वाचली, आणि शेकडो किलो चांगलं लोखंड भंगारात जायचं टळलं याचा मला त्याहून जास्त आनंद आहे.

तेव्हापासून ती आमच्या सणांची शेगडी आहे. बटाटेवड्यांची मोठी कढई तिच्यावर चढली की घाणा टाकल्यावर तेल उतरत नाही, त्यामुळे वडा तेल पीत नाही. चकलीला वेगळं हवं असतं, आधी तेल तापवून मग आंच कमी करून स्थिर ठेवायची. नॉब अर्ध्यावर आणून ज्योतीचा आवाज ओळखला की घाणेच्या घाणे एकाच रंगाचे निघतात. गुढीपाडव्याच्या श्रीखंडाचं दही अजूनही बंद ओव्हनमध्ये लागतं, फक्त आता आत तापमापक ठेवलेला असतो. मंडळातल्या तरुण मुली मदतीला येतात. त्यांना मी आधी ज्योत दाखवते, मग पायलट, मग मुख्य खटका कुठे आहे ते. चकलीचा सोऱ्या त्यानंतर हातात.

अशी रेंज घरी हवी म्हणणाऱ्यांना मी टाळत नाही. त्यांना घेऊन हूडखाली उभी राहते आणि विचारते: तुमची भिंत कशाची आहे? मागे लाकूड किती इंचांवर आहे? हवा कुठून येईल, कुठून जाईल? नळी आणि मीटर किती सोसेल? घरात लहान मूल आहे का? ज्योत विझली तर समोर कोण असेल? बहुतेकांना चौथ्या प्रश्नापर्यंत त्यांचं त्यांनाच उमगतं आणि ते घरगुती शिक्क्याच्या चांगल्या शेगडीकडे वळतात. पण कोणी हॉटेल काढणार असेल, मंदिराचा किंवा मंडळाचा भटारखाना उभारणार असेल, तर मी त्यांना जुनी रेंज जरूर बघा म्हणते, आणि तिच्याआधी एक जाणता मेकॅनिक बघा असंही सांगते. ही यंत्रं पिढ्यान्‌पिढ्या चालायला घडवलेली आहेत. त्यांना साजेशी खोली आणि त्यांची आग ओळखणारं माणूस मिळालं, तर ती पुढच्या पिढीचीही जेवणं सहज रांधतील. माझ्यानंतर आमची गारलँड कोणाकडे जाईल हे मी आत्तापासूनच ठरवलं आहे, आणि त्या मुलीला व्हॉल्व्ह एकेक करून उघडायला शिकवते आहे.